नवव्या चित्रातला पाहुणा

दत्ता, तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या चौदाही चित्रांवरच्या पेन्सिलच्या खुणा खोडरबराने पुसून टाकल्या. एकही सोडली नाही.

चुकून नव्हे, चांगलं मन लावून पुसल्या. जेवणाच्या टेबलावर धुतलेली चादर अंथरली, हातातलं घड्याळ काढून नेहमीसारखं पालथं ठेवलं, बाह्या सरसावल्या आणि नवा कोरा खोडरबर घेऊन बसलो. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या छापखान्याच्या माणसाने सांगितलं होतं, "साहेब, चित्राच्या कडा साफ करून आणा, स्कॅनमध्ये सगळी घाण उमटते." तुझ्या प्रत्येक चित्राच्या कडेला घाण होतीच. '३०४, कैरी.' 'जय. मांजर. हसली.' असलं काहीबाही बारीक अक्षरात. मला वाटलं, रंगांची टाचणं असतील. कैरी म्हणजे हिरवा, मांजर म्हणजे राखाडी. 'हसली' हा कुठला रंग, असा प्रश्न एखाद्या शहाण्या माणसाला पडला असता. मला पडला नाही.

तीन तास पुसत होतो. मधे दोनदा उठून, मान तिरकी करून लांबून बघितलं, तू बघायचास तसं. कडा पांढऱ्याशुभ्र. स्वतःवर इतका खूश झालो की चित्रं काखोटीला मारून जिना उतरून तुझ्या घरी गेलो, सुनंदावहिनींना दाखवायला.

वहिनींनी पहिलं चित्र उचललं. मग दुसरं. मग एकदम शेवटचं.

"भावजी, ह्यांच्या खुणा?"

"पुसल्या! एकदम क्लीन. उद्या छापायला देतो."

वहिनी खाली बसल्या. खुर्ची मागे होती, तरी जमिनीवर बसल्या.

"त्या छापायच्या होत्या," त्या म्हणाल्या.

वाट लावली मी, दत्ता.

गेली दोन वर्षं तू ही चित्रं घेऊन बिल्डिंगभर हिंडायचास, हे मला ठाऊक होतं. जो सापडेल त्याच्यासमोर पसरायचास. मला वाटायचं, कौतुक करून घेतोयस. तसंही म्हणायचो तुला, "झालं का भिक्षा मागून?" पण तू स्वतः एक अक्षर बोलायचा नाहीस. ज्या चित्रापाशी माणूस थांबेल आणि "आमच्याकडे ना..." म्हणून स्वतःचं काही सांगायला लागेल, त्या चित्राच्या कडेला तू त्याचं नाव आणि एखाददुसरा शब्द लिहायचास. बास. पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूंना ह्या सगळ्या खुणा छापायच्या, तुझ्याच अक्षरात, असं तुझं ठरलेलं होतं.

"मग हे मला कुणी सांगितलं का नाही?" मी जरा आवाज चढवूनच विचारलं. चूक आपली असली की माझा आवाज आपोआप चढतो.

"सांगितलं होतं. ह्याच खोलीत, माझ्यासमोर," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही तेव्हा बोलत होता."

ही तुझी सवय स्टुडिओतली, हेही माझ्या आता लक्षात येतंय. गोरेगावच्या स्टुडिओत तू तीस-पस्तीस वर्षं पडदे रंगवलेस. खोट्या खिडक्यांमागचे खोटे डोंगर, खोटं आकाश. एकदा मला आत घेऊन गेला होतास. मी तोंड वर करून डोंगर बघत होतो आणि तू माझा हात धरून मला पडद्याच्या मागे नेलंस. मागे कोऱ्या कापडावर तुझं पेन्सिलचं अक्षर होतं: 'ह्याच्यासमोर लग्न. म्हातारा खरंच रडला.' मी म्हणालो, "हे कोण वाचणार?" तू म्हणालास, "पडद्यास कळूक नको, समोर काय झाला ता?" मी हसलो होतो. पुढे फ्लेक्स आला, कॉम्प्युटर आला, पडदे संपले. तू पेन्सिल तेवढी घरी आणलीस.

पुस्तकाचं खूळही तुझंच. एका लोखंडी कॉटची गोष्ट. घाटकोपरच्या चाळीतली तुमची दहा बाय बाराची खोली, त्यात तुझ्या वडिलांनी गिरणीत लागल्यावर घेतलेली ती हिरवी कॉट. चारही पायांखाली विटा, म्हणजे खाली ट्रंका मावतात, लोणच्याच्या बरण्या मावतात आणि दोन माणसं झोपतात. प्रत्येक चित्रात तीच कॉट. एकात तिच्यावर पापड वाळतायत, एकात गावाहून आलेले आठ पाहुणे दाटीवाटीने बसलेत, एकात ती बाळंतिणीची, एकात लग्नातल्या भांड्यांनी वाकलेली. चौदा चित्रं, एकेक दोन पानांवर पसरलेलं. शब्द माझे. दिवाळी अंकांत चार विनोदी लेख छापून आलेत ह्या पुण्याईवर मी स्वतःला तुझा लेखक नेमून घेतलं होतं.

प्रत्येक चित्राखाली मी चार ओळी लिहिल्या. तू म्हणालास, अख्ख्या पुस्तकात पहिल्या पानावर एक ओळ बस झाली: 'ही आमची कॉट.'

"अरे, पण लोकांना कळायला नको?"

"कॉट दिसता ना? मग परत खाली 'ही कॉट' कशाक?"

"मग माझं काम काय?"

"चाय पी."

दोन वर्षं हे भांडण चाललं. शेवटपर्यंत मिटलं नाही, आणि मी आजवर सगळ्यांना सांगत आलो की ते मीच जिंकणार होतो. एकदा मी विचारलं, "हे पुस्तक नक्की कुठल्या वयासाठी आहे? मुखपृष्ठावर लिहावं लागतं." तू ब्रश धूत म्हणालास, "ज्यांना वाकता येतं त्यांनी कॉटखाली बघावं. ज्यांना येत नाही त्यांनी वर बसावं." मी म्हणालो, हे मुखपृष्ठावर मावणार नाही.

आणि त्यातलं सगळ्यात मोठं भांडण नवव्या चित्रावरून. त्या चित्रात दुपार आहे. कॉटवर एक माणूस भिंतीकडे तोंड करून पडलाय, आपल्याला फक्त त्याची पाठ दिसते. तुमच्या घरातले सगळे आपापल्या कामात, त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. तुझी आई तांदूळ निवडतेय. कॉटजवळ स्टुलावर ताटलीवर ताटली पालथी घालून जेवण झाकून ठेवलंय, शेजारी एक मनगटी घड्याळ. आणि कॉटखालून दोन लांबलचक पाय बाहेर आलेले. ते पाय मी लगेच ओळखले. अख्ख्या घाटकोपरात तेवढे लांब पाय तुझेच होते. तू खाली पडून खडूने कॉटच्या फळीवर खालून चित्र काढतोयस.

मी म्हणालो, "हे काढून टाक. ह्यात काही घडतच नाही. कोण हा ऐतोबा? आजारी आहे, तर औषधाची बाटली दाखव. आणि घड्याळ काढलंस, तेही पालथं! सरळ ठेवलं असतंस तर पोरांना वेळ तरी बघायला शिकवता आली असती."

तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालास, "रवांदे." राहू दे. आणि कडेला पेन्सिलीने काहीतरी लिहिलंस. मला वाटलं, माझी सूचना टिपून घेतोयस.

तर आता खुणा गेल्या होत्या, आणि त्या कुणाकुणाच्या होत्या हे पूर्ण फक्त तुला माहीत होतं. वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दारात उभ्या राहिल्या, पिशवीत वही आणि तुझी पेन्सिल. "चला. ज्यांना ज्यांना दाखवली होती त्यांच्याकडे परत जाऊ. चित्रं दाखवू, परत विचारू." मी म्हणालो, "मी माझ्या ओळीही वाचून दाखवतो." त्या म्हणाल्या, "चला म्हटलं ना."

सुरुवात गेटपासून. वर्सोव्याहून जयवंतीमावशी मासळी घेऊन येतात, त्या टोपली ठेवून बसल्या होत्या. 'जय. मांजर. हसली' ही त्यांचीच खूण, एवढं मला आता कळत होतं. पापडांचं चित्र त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी हात पदराला पुसले, चित्राला बोट लावलं नाही, पण वाकून वाकून बघितलं.

"मावशी, मांजराचं सांगा ना," मी पेन्सिल सरसावून म्हणालो.

"कुठलं मांजर?"

"दत्ताला सांगितलं होतंत ते. हसला होतात."

"ते त्याला सांगितलं." मावशी चित्रावरून नजर काढेनात. "आमच्याकडं कॉटवर जाळं असायचं. माणसं खाली जमिनीवर, जाळं वर. हे म्हणायचे, जाळं दमलंय, त्याला झोपू दे. मी चिडायची. म्हणायची, मी नाय दमत? तर म्हणायचे, तू पण ये, जाळ्यात झोप." मावशींनी सुरी उचलली. "आता कॉट हाय. जाळं नाय, आन् हेबी नायत. मी एकटी झोपते तिच्यावर. लिव."

"पण मावशी, मांजराचं..."

"मांजर गेलं. तुला हे सांगितलं. घ्यायचं तर घे, नायतर सोड."

मी लिहिलं. 'जयवंती. जाळं.' तुझ्यासारखं दोन शब्दांत लिहिताना माझा हात दुखत होता, खरं सांगतो.

सगळ्या बिल्डिंगभर हेच झालं, दत्ता. ३०४मधल्यांना कैरी आठवेना, त्यांना ट्रंकेतला वास आठवला. आधी मला घाम फुटला. तुझी यादी परत मिळणार नव्हती, हे चौथ्या दारापाशी स्पष्ट झालं. पण सहाव्या दारापाशी माझ्या लक्षात आलं की एकानेही "काही आठवत नाही" म्हटलेलं नाही. तू आठवणी गोळा करून कडेला ठेवल्या होत्यास, त्या मी पुसल्या. आणि चित्रं होती तिथेच, पुन्हा भरलेली. नळ सोडल्यासारखी माणसं बोलत होती. मला वाटत होतं, मी ठेवीचा डबा हरवलाय. तो डबा नव्हताच.

तळमजल्यावर प्रधानांकडे गेलो. प्रधान ऐंशीचे, त्यांची नात आर्या सहा वर्षांची. दोघांनी चित्र मांडीवर घेतलं, अर्धं तिच्या, अर्धं त्यांच्या. सातवं चित्र: कॉटवर पाहुण्यांची गर्दी, खाली एक मुलगी कंदिलाशी पुस्तक घेऊन बसलीय. मी घसा साफ करून माझ्या चार ओळी सुरू केल्या. ह्या ओळींवर मी आठ दिवस घालवले होते, तिसऱ्या ओळीत एक फारच झकास विनोद आहे.

"काका, थांबा ना जरा," आर्या म्हणाली. "ही खाली का बसलीय?"

"अभ्यास करतेय," प्रधान म्हणाले. "वर जागा नाही ना. माझी बहीण अशीच बसायची."

आर्याने मान वर केली. "आजोबा, तुम्हाला बहीण आहे?"

"होती. कुमुद."

"मला का नाही सांगितलं?"

प्रधान म्हणाले, "विषय निघाला नाही गं."

साठ वर्षं विषय निघाला नव्हता, दत्ता. आर्याच्या आईलाही माहीत नव्हतं, ती स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर आली. मग कुमुद किती हुशार होती, पाहुण्यांच्या चपला कशा लपवायची, कॉटखालून त्यांच्या पायांना गुदगुल्या कशा करायची, आणि एका आजारपणात कशी गेली, हे सगळं प्रधान सांगत बसले. आर्या मधेच जमिनीवर आडवी झाली आणि त्यांच्या पलंगाखाली बघू लागली. तिथे ड्रॉवर होते. "आमच्या बेडखाली जायला जागाच नाही," ती फार नाराज होऊन म्हणाली. वहिनींनी मला कोपराने ढोसलं. मी लिहिलं, 'प्रधान. कुमुद.' आणि खाली, 'आर्या. जागा नाही.'

माझ्या चार ओळी हातातच राहिल्या. तिसऱ्या ओळीपर्यंत मी एकाही घरात पोचलो नाही. अकरा दारं. जिना चढता चढता मी वहिनींना म्हणालो, "दत्ता बरोबर होता. एक ओळ पुरे." त्या म्हणाल्या, "आता कळलं?" तू असतास तर मी हे कधीच कबूल केलं नसतं, आणि तुझ्या तोंडावर कबूल न केल्याचा ह्या क्षणी मला जो पश्चात्ताप होतोय, त्याला तूच जबाबदार आहेस. इतक्या घाईने जायचं काही कारण नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला टोचत होती, ती मी वहिनींना विचारली नाही. बिल्डिंगमध्ये प्रत्येकाची खूण होती. माझी होती का? मी तर सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा जास्त वेळा ती चित्रं बघितली होती. एखाद्या चित्राच्या कडेला तू 'विनू' लिहिलं होतंस का? आणि लिहिलं असशील, तर ते मी माझ्याच हाताने पुसलं का? दोन दिवस हे डोक्यात होतं. जेवण जाईना. शेवटी बोललोच.

वहिनी म्हणाल्या, "पुसलंयत, फाडलं नाहीत ना? ते दाबून लिहायचे. कागद जाड आहे."

भर दुपारी खोलीतले पडदे ओढले आणि मोबाइलचा टॉर्च कागदाला अगदी टेकवून तिरपा धरला. आणि दत्ता, तू दिसलास. म्हणजे तुझं अक्षर, नुसते चरे, पण होतं. बहुतेक ठिकाणी मी रबर इतका घासला होता की कागदाची लव निघाली होती. 'मांजर' अर्धं मिळालं, 'कैरी'चा क मिळाला. आठ चित्रं झाली. माझं नाव नाही. मी म्हणालो, जाऊ दे. वहिनींनी नववं पुढे सरकवलं. मला आवडत नाही म्हणून मी ते घाईघाईने पुसलं होतं. त्यावरचं सगळं वाचता येत होतं.

'विनू. पाच वेळा बघितलं. ओळखलं नाही. रवांदे.'

मी म्हणालो, "काय ओळखलं नाही? पाय ओळखले होते की मी. लगेच म्हटलं होतं, दत्ताचे."

वहिनी म्हणाल्या, "भावजी, हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवा बघू."

मी काढलं. ठेवलं. पालथं.

स्वतःची पाठ माणूस कुठे बघतो रे? बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी नापास झालो होतो. वडील म्हणाले होते, तोंड दाखवू नकोस. मी ते शब्दशः घेतलं आणि तुमच्या खोलीत येऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. आजवर ही गोष्ट मी शंभर जणांना सांगितलीय आणि प्रत्येक वेळी सांगितलंय की, दोन-तीन दिवस दत्ताकडे राहिलो. खरं म्हणजे बावीस दिवस. तुमच्या घरात सहा माणसं आणि एक कॉट, आणि ती कॉट बावीस दिवस मी अडवली. तुझे वडील गिरणीतली पाळी करून यायचे आणि जमिनीवर झोपायचे. कुणी मला विचारलं नाही, काय झालं. कुणी विचारलं नाही, कधी जाणार. तुझी आई ताट झाकून ठेवायची, आणि मी उठून जेवलो की पाण्याचा तांब्या सरकवायची. आणि तू खाली. मला वरून खडूचा आवाज यायचा, फळीवर घासल्याचा, माझ्या पाठीखाली. कुणीतरी जागं आहे, एवढं त्या आवाजाने कळायचं. मी त्या आवाजावर तगलो, दत्ता. हे तुला मी कधी सांगितलं नाही. चाळीसपेक्षा जास्त वर्षं रोज तुझ्याकडे चहाला येऊन, अखंड बोलून, हे एवढं सांगायचं राहिलं.

आणि तू ते माझ्यासमोर धरलंस, पाच वेळा, आणि मी म्हणालो, औषधाची बाटली दाखव.

पुस्तक होणार. ह्याबद्दल मला आता तिळमात्र शंका नाही, आणि माझ्या खात्रीला तू आयुष्यभर हसलास, तर आताही हस. माझ्या छप्पन्न ओळी गेल्या. राहिली एक, पहिल्या पानावर, तुझीच: 'ही आमची कॉट.' पुठ्ठ्याच्या आत पुढे तुझी जी अक्षरं टॉर्चने सापडली ती, मागे आम्ही दोघांनी गोळा केलेल्या नव्या खुणा, माझ्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात. छापखानेवाला म्हणाला, "हे साफ नको करायला?" मी त्याच्याकडे असं काही बघितलं की त्याने चहा मागवला.

नवव्या चित्राची माझी स्वतःची खूण तेवढी उरली होती. ती मी काल लिहिली. बावीस दिवस, खडूचा आवाज, झाकलेलं ताट, सगळं आणलं. सहा ओळी झाल्या. फार चांगल्या झाल्या, मी लिहिता लिहिता दोनदा नाक पुसलं. खाली जाऊन वहिनींना वाचून दाखवल्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकल्या, मधे तोडलं नाही. मग चष्मा काढला.

"बावीस दिवस नव्हे, भावजी, दीड महिना. सासूबाई शेवटपर्यंत सांगायच्या. आणि एवढं कशाला लिहिताय? रोज ताट वाढताना त्या ह्यांना काय विचारायच्या, तेवढंच लिहा: 'लोळणारो उठलो काय?'"